चौदा टायफॉइड आणि एक कोरोना

मंगला तायडे हिच्यावर अन्याय झाला. २०२१च्या जुलैतल्या दुसऱ्या बुधवारी, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, अकोल्यात, एका जिनिंगच्या आवारात. अन्याय करणारी मी.

पत्रक असंच सुरू करायचं असतं. कुणावर, कधी, कुणी. हे तीन पहिल्या तीन ओळींत आलं नाही, तर माणूस पत्रकाची पुडी करून त्यात शेंगदाणे खातो, असं आमच्या विद्यार्थी संघटनेतले थोरले सांगायचे. अमरावतीत कॉलेजच्या वर्षांत मी होस्टेलच्या पाण्यावर लिहिलं, एसटीच्या पासवर लिहिलं, कंत्राटी सफाई कामगारांवर तर इतक्यांदा लिहिलं की झेरॉक्सवाले काका मजकूर न वाचता आकडा विचारायचे. त्या सगळ्या पत्रकांत ‘कुणी’च्या जागी दुसऱ्याचं नाव असायचं. कुलसचिव, ठेकेदार, आगारप्रमुख. स्वतःचं नाव तिथे लिहायची ही माझी पहिली वेळ. लिहून झालं, तर अंगातून काहीतरी उतरल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

संपादकांनी फोनवर विषय सांगितला होता, कोरोनाच्या काळात उभा केलेला फिटनेसचा व्यवसाय. त्यांना जिद्द हवी होती. जिद्द होती थोडीफार, नाही म्हणत नाही. पण आता पाच वर्षं व्हायला आली. रोज पहाटे साडेपाचला शिट्टी गळ्यात अडकवून मी ‘चला, गुडघे वर’ असं ओरडते, आणि त्या जिद्दीबद्दल कुणी विचारलं की मला बसावंसं वाटतं. तर बसूनच सांगते.

बी.पी.एड. झाल्यावर मी अमरावतीतल्या एका जिममध्ये शिकवायला लागले होते. सकाळी बायकांची बॅच, संध्याकाळी कॉलेजच्या पोरी. पहिल्या टाळेबंदीत जिम बंद झाली, ती सगळ्यात शेवटी उघडली. मधल्या काळात काय काय उघडलं ते तुम्हाला माहीत आहे. दारू उघडली. पानठेले उघडले. लग्नाचे हॉल उघडले, पन्नास माणसांचा नियम भिंतीवर आणि तीनशे पंगतीत. फक्त ज्या जागी माणूस आपलं फुप्फुस मजबूत करतो, ती जागा सरकारच्या यादीत खाली, खूप खाली. आम्ही निवेदनं दिली. एका साहेबांनी मला विचारलं, जिम काय जीवनावश्यक आहे का? त्यांचं पोट टेबलाच्या अलीकडे येऊ पाहत होतं, त्यामुळे मी उत्तर दिलं नाही.

मग २०२१च्या फेब्रुवारीत अमरावती पुन्हा बंद झाली. राज्यात इतर कुठे काही नसताना आमच्याकडे रस्ते ओस. जिमच्या मालकाने मशीनं विकायला काढली. ट्रेडमिल टेम्पोत चढवायला मी स्वतः हात लावला. मार्चच्या शेवटी मी हिवरखेडला, घरी, परत गेले. एप्रिल-मे तिथे काढला. त्या दोन महिन्यांबद्दल पुढे सांगायचं आहे. जून लागल्यावर अकोल्याला मावशीकडे आले, कारण गावात व्यायाम शिकवते म्हटलं तर लोक विचारायचे, वावरात काम नाही का?

आधी ऑनलाइन करून पाहिलं. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवायचा आणि त्याच्यासमोर हातपाय हलवायचे. समोरच्या बाईचा फोन कधी देव्हाऱ्यापाशी, कधी गॅसच्या ओट्यावर. एका बाईची सासू रोज बरोबर वॉर्म-अपच्या वेळी कॅमेऱ्यापुढून दळण घेऊन जायची आणि परत यायची. एकीचा नवरा मागे बसून मोजायचा, तेही चुकीचं. दोन आठवड्यांत बायका म्हणाल्या, मॅडम, घरात व्यायाम होत नाही, घरात फक्त घरच होते. हे खरं होतं. त्यांना दंड-बैठकांच्या आधी तासभर उंबऱ्याबाहेर पडायला जागा हवी होती.

जागा मिळाली ती जिनिंगची. कापसातून सरकी वेगळी करायचा हा कारखाना दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्यात थंडावतो. मधले महिने तिथे एक चौकीदार, चार कुत्रे आणि कापूस टाकायचा भलामोठा सिमेंटचा ओटा. वर टिनाचं छप्पर, चारी बाजू उघड्या. हवा खेळती. बायकांनी पाच पाच हात लांब उभं राहिलं तरी जागा उरायची. मावशीचे यजमान तिथे पूर्वी फिटर होते, त्यांच्या शब्दावर मालकाने दिवाळीपर्यंत वापरू दिली. कापूस आला की निघायचं, एवढीच अट.

चौकीदार गुलाबभाऊ. साठीचे, तोंडाला मास्कऐवजी दुपट्टा. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “इथं काय करनार तुमी?”

मी म्हटलं, व्यायाम.

“कोनाचा?”

बायकांचा.

त्यांनी ओट्याकडे पाहिलं. “बायाईले व्यायाम कमी पडून राहिला का?” एवढंच म्हणाले आणि झाडू आणून दिला.

सामान काही नव्हतं. डंबेल म्हणून पाण्याच्या बाटल्यांत रेती. वजन म्हणून तेलाचे पाच लिटरचे डबे. प्रत्येकीने आपली सतरंजी आणायची, नसेल तर पोतं. वजनकाटाही नव्हता, पण जिनिंगमध्ये रुईच्या गाठी तोलायचा काटा होता. त्यावर बायकांना उभं करायची कल्पना माझीच. गुलाबभाऊ काट्याशी बसले आणि सवयीने क्विंटलमध्ये आकडा पुकारू लागले, तोही गाठी मोजताना पुकारतात त्या आवाजात. तिसऱ्या बाईनंतर कुणी चढेना. पुष्पाकाकू तर म्हणाल्या, “माय व, मले काय गाठीच्या गंजीवर टाकनार हायेत का?” त्या दिवसापासून माझ्या क्लासमध्ये वजन करत नाहीत. आजही नाही. लोक म्हणतात हे काही नवं तंत्र असेल. असू द्या.

या पुष्पाकाकू म्हणजे आमच्या बॅचचा कणा. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. पहिल्या पाच बायका त्यांनीच आणल्या. मग त्या पाचांनी बाकीच्या. जुलै लागेपर्यंत बावीस झाल्या. मला दीदी म्हणायचं की मॅडम, हेही त्यांनीच ठरवलं. मॅडम.

आमच्या कामात पहिला प्रश्न वजनाचा नसतोच, आजारपणाचा असतो. गुडघा कधीपासून दुखतो, पोटाचं ऑपरेशन झालंय का, बीपीची गोळी चालू आहे का. हे कळल्याशिवाय एकीलाही उडी मारायला लावायची नसते. मी पत्रकं छापलेली मुलगी, त्यामुळे फॉर्म छापला. नाव, वय, पत्ता, ‘गेल्या वर्षभरात झालेला मोठा आजार’. बायकांना फॉर्म भरायची सवय नव्हती, म्हणून स्वतःच्या नावाचा एक नमुना भरून ओट्याच्या खांबाला चिकटवला. बघून भरा म्हटलं. पुष्पाकाकूंना सांगितलं, तेवढे गोळा करून द्या.

इथे मी दोन चुका केल्या. एक कळायला पाच मिनिटं लागली. दुसरी कळायला तीन महिने.

मंगलाताई त्या आठवड्यातच आल्या होत्या. चाळिशीच्या आतबाहेर, काटक, पायात स्लिपर. सरकारी दवाखान्यातल्या कोविड वॉर्डात कंत्राटावर आया म्हणून लागल्या होत्या. एप्रिलमध्ये तिथेच कोरोना झाला. वाचल्या. पण दम राहिला नव्हता. वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट पेशंटची, आणि चादरींचं गाठोडं डोक्यावर. ठेकेदाराच्या माणसाने सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत जिना चढता आला तर ये, नाहीतर दुसरी बाई तयार आहे. ज्या बायांवर वर्षभर आधी फुलं उधळली, त्यांना नंतर कसं मोजलं, हे मी वेगळ्या पत्रकात लिहिलं आहे. इथे एवढंच की मंगलाताईंच्या हातात तीन आठवडे होते आणि तीन मजले चढायचे होते. त्यांनी हे पहिल्याच दिवशी मला सांगितलं. वजन कमी करायचं नव्हतं, पोट आत घ्यायचं नव्हतं. बाकी सगळ्यांना काय काय हवं होतं. त्यांना श्वास हवा होता.

आणि ते माझ्या हातातलं काम होतं. दम वाढवणं हे काही जादूचं नसतं. रोज थोडं चालायचं, बोलता येईल इतपतच. बोलता बोलता वाक्य तुटलं की थांबायचं. उद्या तेवढंच, परवा दहा पावलं जास्त. तीन आठवड्यांत तीन मजले? पूर्ण खात्री देता आली नसती. पण जमण्यासारखं होतं.

त्या बुधवारी पुष्पाकाकू फॉर्म गोळा करत आल्या. गोळा करता करता वाचत आल्या. माणूस वाचणारच. आणि मंगलाताईंच्या फॉर्मपाशी थांबल्या. आजाराच्या रकान्यात सरळ अक्षरात लिहिलं होतं: कोरोना. खाली: वॉर्डात लागला, सोळा दिवस ऑक्सिजन.

मी नंतर मोजलं. चौदा फॉर्मवर ‘टायफॉइड’ होतं. आठांवर काही नव्हतं. कोरोना एकीलाच झाला होता.

ज्यांनी तो उन्हाळा आमच्याकडे काढला नाही, त्यांच्यासाठी सांगते. २०२१च्या उन्हाळ्यात वऱ्हाडात टायफॉइडची साथ होती. गावागावात टायफॉइड. ताप, खोकला, तोंडाची चव गेलेली, वास गेलेला, धाप लागलेली, आणि टायफॉइड. गल्लीतला डॉक्टर रक्त काढायचा, टायफॉइड आलाय म्हणायचा, सलाईन लावायचा. सगळ्यांना माहीत होतं. बोलत कुणी नव्हतं. लोक मूर्ख होते असं समजू नका. कोरोना म्हटलं की दारावर कागद, दूधवाला बंद, गाडी येणार, माणूस नेणार, आणि नेलेला माणूस परत येताना तोंडसुद्धा दिसायचं नाही. टायफॉइड म्हटलं की माणूस घरात राहायचा. तो शब्द म्हणजे दाराची कडी होती. आतून लावलेली.

पुष्पाकाकू फॉर्म घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांच्या मागे चारपाच जणी. बाकीच्यांनी तोंडाला पदर लावले, आधी नुसता मास्क होता त्यांनीही. मंगलाताई आपल्या पोत्यावर बसल्या होत्या, पंधरा हातांवर. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

“मॅडम, हे बाई राहीन तर आमी राहत नाई.” पुष्पाकाकूंनी आवाज खाली घ्यायचा प्रयत्न केला, तो त्यांना कधीच जमत नाही. “आमच्या घरी लेकरं हायेत.”

मला सगळं येत होतं बरं का. एप्रिलमध्ये आजारी पडलेली बाई जुलैत कुणाला काही देत नाही, हे मला पाठ होतं. दोन महिने ती वॉर्डात गेलेली नाही, हेही माहीत होतं. कंत्राटी बायांवर मी आयुष्यात सगळ्यात जास्त पत्रकं लिहिली होती. आणि तिचं आडनाव तायडे. आडनावाचा यात काही संबंध नाही, असं दोघींनी मी न विचारताच सांगितलं.

मी पत्रक छापत नव्हते, क्लास चालवत होते. तेवीस जणी. अमरावतीची जिम डोळ्यांपुढे, टेम्पोत चढणारी ट्रेडमिल. एक जाईल किंवा बावीस जातील.

मी मंगलाताईंकडे गेले. पाच हात अंतर ठेवलं. म्हटलं, “मंगलाताई, थोडे दिवस तुम्ही घरीच करा. मी रोज व्हिडिओ पाठवते.”

त्यांनी कमरेची पिशवी उघडली, फोन काढून मला दाखवला. “माह्या फोनले बटनं हायेत, मॅडम.”

मग उठल्या, पोतं झटकलं, घडी केली आणि गेल्या. फाटकापाशी एकदा थांबल्या. मला वाटलं, मागे पाहतील. त्या फक्त दम घ्यायला थांबल्या होत्या.

सहा चाळीस. मी शिट्टी वाजवली.

पुढचे सहा आठवडे क्लास उत्तम चालला. मी टायफॉइड धरून चालवला. टायफॉइडमधून माणूस दोन महिन्यांत उठतो, काही लपून राहत नाही. म्हणून मी बैठका वाढवल्या, ओट्याभोवती पळायला लावलं, दोरीच्या उड्या सुरू केल्या. काही जणी मागे पडायच्या, मी म्हणायची, आळस आहे. ‘चला, पुष्पाकाकू, तुमच्यामुळे सगळ्या थांबल्यात.’ हे वाक्य मी म्हटलेलं आहे.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी पुष्पाकाकू तिसऱ्या फेरीत वळल्या आणि गाठींच्या काट्यावर जाऊन बसल्या. ज्या काट्यावर चढायला त्यांनी नकार दिला होता, त्याच. मला वाटलं, गंमत करतायत. जवळ गेले तर ओठ जांभळट, आणि बोलायला तोंड उघडलं तर आवाजच नाही. पुष्पाकाकूंना आवाज नाही, हे मी प्रथमच पाहिलं. काटा हलत होता, त्यांच्या श्वासाबरोबर.

गुलाबभाऊंनी ऑटो आणला. जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरने बोटाला यंत्र लावलं आणि विचारलं, कोरोना झाला होता का? काकूंनी मान हलवली, नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. नाकाला ऑक्सिजन लावला, दोन श्वास आत गेले, आणि त्या नळीमागून काकू पहिला शब्द बोलल्या. “टायफॉइड.”

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं.

मग सून आली. तिने दारातच सांगून टाकलं, सासूबाईंना मे महिन्यात मागच्या खोलीत अकरा दिवस सिलिंडर लावलेला होता, मुलाने रात्रीतून आणला होता, गल्लीत टायफॉइड सांगितलं होतं. सांगताना ती रडत होती आणि काकू पलंगावरून तिच्याकडे असं बघत होत्या, जसं काही घरातली चांदी तिने रस्त्यावर ओतली.

काकू वाचल्या. तीन दिवसांनी घरी गेल्या. क्लासला परत आल्या नाहीत. मी भेटायला गेले, तर चहा केला, बिस्किटं दिली, आणि त्या विषयावर एक शब्द नाही. मीही काढला नाही.

क्लास आठवडाभर बंद ठेवला. मी ओट्यावर जाऊन बसायची, फॉर्मची फाइल मांडीवर. गुलाबभाऊ एकदा शेजारी टेकले. त्यांनी पस्तीस वर्षं कापसाच्या गाड्या उतरवून घेतल्या होत्या.

“कापसाले पानी मारून आनते मानूस,” ते म्हणाले, “वजन वाढवाले. आपन त्याले इचारतो का, पानी मारलं का म्हनून? थो नाईच म्हननार. हात घालाचा गाडीत. कोपरापावतर. हाताले समजते.” मग फाइलकडे बोट केलं. “तुमी कागदाले कावून इचारता?”

त्या वाक्यावर माझा आजचा धंदा उभा आहे. कुठल्याही पदवीत हे नव्हतं.

मी फॉर्म बदलला. आजाराचं नाव विचारणं बंद. त्याऐवजी: जिन्याच्या कितव्या पायरीवर थांबावंसं वाटतं? वेणी घालताना हात मध्येच खाली घ्यावे लागतात का? भाकरी थापताना किती झाल्यावर बसावं लागतं? आणि शेवटचा प्रश्न, जो मी खूप विचार करून घातला: हिंगाच्या फोडणीचा वास मध्ये किती दिवस येत नव्हता? बायकांनी भराभर लिहिलं. तीन आठवडे. दोन महिने. अजून येत नाही. कुणालाही हे लपवावंसं वाटलं नाही, कारण यात कुणी कोरोना म्हणत नव्हतं. मला हवं ते सगळं मिळालं. कुणाला पळवायचं, कुणाला फक्त चालवायचं, कुणाला भिंतीला टेकून नुसतं श्वास सोडायला शिकवायचं. आज शहरातले दोन डॉक्टर त्यांचे पेशंट माझ्याकडे पाठवतात, ते या चार प्रश्नांमुळे. याचा अभिमान आहे. पोकळ नाही, खराच आहे.

पण हे सगळं मंगलाताईंना जुलैतच हवं होतं.

ऑक्टोबरात कापूस यायच्या आधी मी त्यांच्याकडे गेले. पत्ता फॉर्मवर होताच, पूर्ण. घरासमोर त्या वेचणीला जायच्या तयारीत होत्या, कमरेला वेचलेला कापूस टाकायची ओटी बांधत. वॉर्डातलं काम गेलं होतं. महिनाअखेरीला त्या दीड मजला चढल्या, तिथे बसल्या, आणि ठेकेदाराच्या माणसाने वरूनच हात हलवला, जा म्हणून. त्यानंतर रोज सकाळी रेल्वेच्या पुलाच्या पायऱ्या. स्वतःच. पाच चढायच्या, उतरायच्या. मग सहा. सप्टेंबरात पूल पार झाला. तारीख निघून गेल्यावर दम आला.

मी नवा फॉर्म दाखवला. समजावून सांगितलं. म्हटलं, आता कुणालाच आजाराचं नाव लिहावं लागत नाही, आता तुम्ही या.

त्यांनी वाचला. शेवटपर्यंत. परत दिला. मला त्या आधी मॅडम म्हणायच्या, तुम्ही म्हणायच्या.

“मी खरं लिवलं तवा तू मले काढलं पोरी. आता कोनाले खरं लिवाच लागत नाई, म्हून बलावून राहिली. मी कावून येऊ?”

मी काहीतरी बोलले. क्लास वाचवायचा होता, बाकीच्यांना समज नव्हती, असं. त्यांनी ओटीची गाठ मारली आणि म्हणाल्या, “बाकीच्याईचं सोड. खांबाले तुहा फारम लावला होता. मी वाचला होता थो.”

ही दुसरी चूक. तीन महिन्यांनी कळलेली.

नमुन्याच्या फॉर्मवर, माझ्या नावापुढे, ‘गेल्या वर्षभरात झालेला मोठा आजार’ या रकान्यात, माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: टायफॉइड.

एप्रिलमध्ये हिवरखेडला आमच्या घरात सगळे पडलो होतो. आई, बाबा, काका, मी. मला बारा दिवस वास नव्हता. काका गेले. दारात माणसं आली, बाबा म्हणाले, टायफॉइडने गेला. पत्रकं लिहिणारी मुलगी आत होती, जागी होती, ऐकत होती. अडीच-तीन महिन्यांनी फॉर्म भरताना मी ते लिहिताना थांबलेसुद्धा नाही. हात आपोआप गेला. आणि बायकांनी काय केलं? मी सांगितलं तेच केलं. बघून भरलं. चौदा टायफॉइड माझ्या फॉर्मवरून उतरवलेले होते. पंधरावा, पहिला, माझा. पुष्पाकाकूंचाही त्यातलाच. एकीनेच बघूनही खरं लिहिलं.

मी मंगलाताईंना विचारलं, काय करू?

“त्या समद्याईसमोर सांग. मले कावून काढलं थे. अन् तुले काय झालतं थे बी.”

मी म्हटलं, सांगते. उद्याच.

सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नवीन तिघी आल्या होत्या. मग दसरा. मग कापूस आला, ओटा सोडला, हॉल शोधायला लागले. मग हॉल मिळाला. मग त्या बॅचमधल्या निम्म्या बदलल्या. मग कुणाला आठवतंय, असं वाटायला लागलं. पाच वर्षांत हजारदा शिट्टी वाजवली असेल, ते एक वाक्य बोलता आलं नाही. दुसऱ्यांविरुद्ध मी भर चौकात माइक धरून बोललेली आहे.

हा लेख लिहायच्या आधी मी त्यांना भेटले. आता त्या एका शाळेत खिचडी शिजवतात. तिथे जिना नाही. विचारलं, तुमचं नाव बदलू का? बाकी सगळ्यांची बदललीयत, पुष्पाकाकू हे काही पुष्पाकाकूंचं नाव नाही. त्या म्हणाल्या, “मी फारमवर पुरं नाव लिवलं होतं. तसंच छाप.”

तसंच छापलं आहे. त्या बॅचमधल्या ज्या कुणाच्या हातात हा अंक पडेल, तिच्यासाठी हेच ते सांगणं. मंगला तायडे यांना मी काढलं, कारण त्या खरं बोलल्या. मला कोरोना झाला होता. माझे काका कोरोनाने गेले. पाच वर्षं उशिरा सांगते आहे, याची मला लाज आहे, आणि लाजेने पाच वर्षं परत येत नाहीत हेही माहीत आहे.

आता तुमच्याकडे येते. पत्रकाच्या शेवटी मागणी असते. ती आजवर मी सरकारकडे केली, आज तुमच्याकडे करते.

त्या वर्षी तुमच्या घरात कुणाला तरी टायफॉइड झाला होता. या दिवाळीत घरची सगळी जमली की ताटावर बसल्या बसल्या त्या आजाराचं खरं नाव घ्या, लेकरांसमोर, मोठ्याने. त्यात माणूस गेला असेल, तर त्याचंही नाव घ्या. आणि त्याच वर्षी तुम्ही कुणाला तरी दारातून, वर्गातून, नळावरून, पंगतीतून परत पाठवलं आहे. कामवाली असेल, नर्स असेल, शेजारीण असेल, दवाखान्यातून परतलेली बहीण असेल. ती कोण, ते तुम्हाला आठवतं आहे. तिच्या घरी जा. का पाठवलं होतं ते तिच्या तोंडावर सांगा.

स्वतः जा. व्हिडिओ पाठवू नका.